चिहिरोचे नाव आणि आमच्या पेट्या

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आमच्या तुकडीतील आम्ही सात-आठ जण पुष्कळ दिवसांनी एकमेकांशी फोनवर बोललो. शाळेची उभारणी, पत्र्याच्या छपरातील पहिले वर्ग, गुरुजनांचे कष्ट, दहावीचे निकाल यांविषयी अधिकाराने लिहिणारे अनेक जण आहेत. आम्ही काय लिहावे, असा प्रश्न पडला. प्रत्येकाने आपापली आठवण सांगितली आणि एक गोष्ट सर्वांच्या बोलण्यात आली. ती एका जपानी चित्रपटाची होती. एखाद्या वाचकाला हा विषय स्मरणिकेच्या पानांत परका वाटेल, याची आम्हांस कल्पना आहे. तरीही आमच्या शालेय जीवनातील एक कबुली त्या चित्रपटाशी जोडलेली आहे आणि ती लिहिल्यावाचून राहवत नाही.

आम्ही नववीत होतो. दिवाळीची सुटी संपून वसतिगृह पुन्हा भरले होते. महिन्यातील एका रविवारी रात्रीच्या वंदनेनंतर सभागृहात पांढरी चादर बांधून चित्रपट दाखवण्याची प्रथा तेव्हा सुरू झाली होती. त्या रविवारी चित्रकलेच्या सरांनी पिशवीतून एक डीव्हीडी काढली. चित्रपटाचे नाव होते ‘स्पिरिटेड अवे’. संवाद इंग्रजीत होते. आमचे इंग्रजी बेताचेच, म्हणून सर मधे मधे चित्र थांबवून मराठीत कथा सांगत. पाचवीची मुले सर्वांत पुढे सतरंजीवर आणि आम्ही मोठी मुले भिंतीला टेकून मागे, अशी आमची बैठक असे.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी तो स्टुडिओ जिब्ली या संस्थेत निर्माण केला आणि २० जुलै २००१ रोजी तो जपानमध्ये प्रदर्शित झाला. पुढे बर्लिनच्या महोत्सवात त्यास सुवर्ण अस्वल आणि २००३ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. जपानमधील उत्पन्नाचा त्याचा विक्रम २०२० पर्यंत कोणी मोडू शकले नव्हते. ही माहिती आम्हांस पुष्कळ नंतर मिळाली. त्या रात्री आम्हांस एवढेच समजले की, पडद्यावर एक दहा वर्षांची मुलगी आहे आणि तिला नव्या गावी जायचे नाही. मोटारीच्या मागच्या आसनावर ती पाय पसरून, तोंड वाकडे करून पडली आहे. हातात मैत्रिणींनी निरोपाला दिलेला पुष्पगुच्छ आहे. पेटी घेऊन प्रथमच या शाळेच्या फाटकातून आत आलेल्या प्रत्येकास ते तोंड ओळखीचे होते.

मुलीचे नाव चिहिरो. वाट चुकलेले आईवडील एका बोगद्यातून पलीकडच्या ओसाड वस्तीत शिरतात. तेथील एका दुकानात मालक नसताना मांडून ठेवलेले अन्न पाहून खायला बसतात. आपल्यापाशी पैसे आहेत, नंतर देऊ, असा वडिलांचा हिशेब असतो. अंधार पडतो आणि दोघांची डुकरे होतात. ती वस्ती असते देवतांसाठी चालवलेल्या एका प्रचंड स्नानगृहाची. हाकू नावाचा एक मुलगा चिहिरोला सांगतो की, येथे टिकायचे असेल तर काम माग. मालकीण युबाबा धमकावील, फसवील, पण तू काम मागतच राहा. कारण मागणाऱ्यास काम देण्याच्या शपथेने ती बांधलेली आहे.

तळघरातील बॉयलर सांभाळणारा सहा हातांचा कामाजी आम्हां सर्वांना फार आवडला. त्याच्या हाताखाली काजळीचे लहान लहान गोळे कोळसा वाहतात आणि मजुरी म्हणून त्यांना रंगीत साखरेचे काटेरी खडे मिळतात. ते खडे हुबेहूब आपल्या संक्रांतीच्या हलव्यासारखे असल्याने सभागृहात एकच गलका झाला. कोळशाखाली चिरडलेल्या एका गोळ्याचे ओझे चिहिरो उचलते, तर बाकीचे सगळे गोळे लगेच आपापले कोळसे टाकून मोकळे होतात. तेव्हा तर हसून हसून पुरेवाट झाली. स्वयंपाकघरात पाणी भरण्याच्या पाळीला आम्हीही नेमके तेच करीत असू.

हसणे थांबले ते करारपत्राच्या प्रसंगी. चिहिरो कागदावर आपले पूर्ण नाव लिहिते. युबाबा कागदावर हात फिरवते आणि नावातील अक्षरे उठून तिच्या मुठीत जातात. कागदावर उरते एकच अक्षर. जपानी लिपीत ‘चिहिरो’ हे नाव दोन अक्षरचिन्हांचे आहे आणि त्यांतील पहिल्याचा अर्थ ‘हजार’ असा होतो. एकटे लिहिले की त्याचा उच्चार ‘सेन’. आजपासून तुझे नाव सेन, असे युबाबा सांगते. सरांनी चित्र थांबवून फळ्यावर ती दोन चिन्हे काढली, एक पुसले आणि उरलेल्याकडे बोट दाखवून म्हणाले, “आता ही मुलगी म्हणजे नुसता आकडा.”

येथे आम्हांस आमची गोष्ट सांगावयाची आहे.

त्या काळी वसतिगृहात प्रत्येकाची पेटी, ताट आणि पांघरूण यांवर एकच क्रमांक रंगवलेला असे. सामान अदलाबदल होऊ नये, हा त्यामागचा साधा हेतू. परंतु हेतू साधा असला तरी सवय साधी राहत नाही. लहान मुलांना आम्ही क्रमांकानेच हाक मारू लागलो होतो. ‘बारा, बादली आण.’ ‘एकोणीस, दिवा मालव.’ कोणाला दुखवण्याचा विचार त्यात नव्हता आणि दुसरा कसलाच विचारही नव्हता. त्या वर्षी पाचवीत आलेल्या एका मुलाच्या पेटीवर २७ हा आकडा होता. त्याचे आईवडील ऊसतोडीस गेलेले. दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडण्यासाठी टोळ्या निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत गावातील घरांना कुलूप असते, हे आपल्या मराठवाड्यात कोणास नव्याने सांगावयास नको. सुटी संपल्यावर पंधरा दिवसांतच हा मुलगा पहाटे भिंतीवरून उडी मारून पळाला. दुपारी एसटी स्थानकावर सापडला. कोठे निघाला होतास, असे विचारले तर म्हणाला, “कारखान्यावर.” कोणत्या कारखान्यावर, ते त्यास सांगता आले नाही. ‘सत्तावीसवर लक्ष ठेवा’ असे आम्हांस बजावण्यात आले. आम्ही लक्ष ठेवले. ते कैद्यावर ठेवावे तसे होते, हे आज कबूल करतो.

चित्रपटात दुसऱ्या दिवशी हाकू चिहिरोला तिचे जुने कपडे परत देतो. त्यांत मैत्रिणींनी लिहिलेले निरोपाचे पत्र असते. त्यावरील नाव वाचून ती दचकते, कारण स्वतःचे नाव ती एका रात्रीतच विसरू लागलेली असते. हाकू सांगतो की, युबाबा लोकांना नाव काढून घेऊन ताब्यात ठेवते. बाहेर सेन म्हणूनच वावर, परंतु खरे नाव मनात जपून ठेव. ते विसरलीस तर घरची वाट सापडणार नाही. तो स्वतः आपले नाव विसरलेला आहे. मग तो तिला भाताचे मुटके खायला देतो. पहिला घास घेते आणि दुसऱ्या-तिसऱ्या घासाला तिच्या डोळ्यांतून मोठमोठे थेंब ओघळू लागतात. आम्ही मागून पाहिले, सतरंजीवरच्या पहिल्या रांगेत कोणीही हलत नव्हते.

पुढे दुर्गंधीने भरलेला, चिखलाचा ढीग वाटावा असा एक पाहुणा येतो. सगळे पळतात आणि त्याला न्हाऊ घालण्याचे काम नव्या पोरीच्या अंगावर पडते. तिला त्याच्या अंगात रुतलेली एक मूठ हाताला लागते. दोर बांधून सर्वांनी ओढल्यावर सायकल बाहेर येते आणि तिच्यामागून मोडके सामान, गाळ, कचरा यांचा डोंगर. चिखल धुतला जातो आणि समजते की ती एक थोर नदी होती. आपण एकदा नदीच्या सफाईत भाग घेतला होता आणि तेथे खरोखरीच सायकल निघाली होती, असे मियाझाकी यांनी मुलाखतींत सांगितले आहे. आमच्या शाळेमागचा ओढा आम्हांस ठाऊक होता, त्यामुळे या प्रसंगाचा अर्थ कोणी समजावून देण्याची गरज पडली नाही.

मुखवटा घातलेला, मुका ‘काओनाशी’ येतो. काओनाशी म्हणजे ज्याला चेहरा नाही तो. तो हातातून सोने काढतो, सोन्यामागे धावणाऱ्या नोकरांना गिळतो, आणि जितके खातो तितका अधिक भुकेला होतो. ‘तृष्णा’ हा शब्द आम्ही रोज ऐकत होतो. त्या रात्री तो प्रथम डोळ्यांनी पाहिला. चिहिरो मात्र त्याचे सोने घेत नाही. आईवडिलांसाठी जपून ठेवलेल्या औषधी गोळ्यापैकी उरलेला भाग ती त्यालाच खाऊ घालते, म्हणजे त्याने गिळलेले सारे बाहेर पडावे. मग ती पाण्यात बुडालेल्या रुळांवरून चालत एका फलाटावर जाऊन उभी राहते. लांबून आगगाडी येते, दार उघडते आणि त्याच क्षणी आमच्या सभागृहातील वीज गेली.

भारनियमन होते. वीज रात्री उशिरापर्यंत आली नाही. उरलेला चित्रपट पुढच्या रविवारी, असे सरांनी अंधारातच जाहीर केले.

तो आठवडा आमच्यापैकी कोणीही विसरलेले नाही. जेवणाच्या रांगेत, नळावर, अभ्यासिकेत एकच चर्चा. आईवडील माणसांत येतील की नाही? हाकू कोण असेल? आमच्यातील एकाने तर सरांपुढे उभे राहून निराळाच प्रश्न विचारला. “सर, आपण बावीस प्रतिज्ञा म्हणतो. देवदेवता, भुतेखेते मानू नका असे शिकतो. मग ऐंशी लाख देवांचा हा चित्रपट आपल्या शाळेत कशाला?” प्रश्न खोटा नव्हता. चित्रपटाची पार्श्वभूमी जपानच्या शिंतो लोकश्रद्धेची आहे. झाड, नदी, डोंगर, मुळा अशा सर्वांत देवता मानणारी ती परंपरा आहे आणि अशा देवतांची संख्या तेथे परंपरेने ऐंशी लाख सांगतात. हा बौद्ध चित्रपट आहे, असे म्हणणे खरे ठरले नसते आणि सरांनीही तसे म्हटले नाही. त्यांनी उलट विचारले, “त्या मुलीने एका तरी देवाला नवस केला का? मोजून सांगा.”

आम्ही आठवून पाहिले. तिने कोठेही नवस केला नव्हता. देव तेथे अंघोळीला आलेले गिऱ्हाईक होते. ती त्यांना पाणी घालत होती. नदीने तिला औषधी गोळा दिला, तो तिने चिखल उपसल्यावर. तिची सुटका कोणा देवाच्या हातात नव्हती, ती तिच्या कामात आणि तिच्या लक्षात ठेवण्यात होती. प्रश्न विचारणारा आमचा मित्र म्हणाला, “मग चालेल.” सर हसले. शंका विचारणाऱ्याला गप्प न बसवणारे शिक्षक आम्हांस लाभले, हे आमचे भाग्य.

गुरुवारी रात्री दिवे मालवल्यावर पाचवीतील तो मुलगा आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, “दादा, तिला नाव परत मिळतं का?”

आम्हीही शेवट पाहिला नव्हता. कोणीतरी म्हणाले, “मिळत असेल की रे.” तो जाईना. तेव्हा आमच्यापैकी एकाने विचारले, “तुझं नाव काय?”

त्याने दाखल्यावर असते तसे पूर्ण नाव सांगितले. स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. नंतर गाव, तालुका आणि जिल्हाही. जणू कोणी विचारील म्हणून तो ते पाठ करून ठेवत आला होता. जूनपासून तो आमच्या शेजारच्या खोलीत झोपत होता. त्याला पळून जाताना आम्ही अडवू शकलो नव्हतो, त्याच्यावर पहारा केला होता, त्याच्याकडून बादल्या भरून घेतल्या होत्या, आणि त्याचे नाव आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. अंधार होता, म्हणून एकमेकांचे चेहरे पाहावे लागले नाहीत.

पुढच्या रविवारी उरलेला भाग पाहिला. आगगाडी संथ पाण्यावरून जाते. डब्यात सावल्यांसारखे प्रवासी आहेत, कोणी काही बोलत नाही. बाहेर दिवस मावळतो. कित्येक क्षण काहीच घडत नाही आणि तरी डोळे हलत नाहीत. दोन टाळ्यांच्या मधल्या रिकाम्या वेळाला जपानी भाषेत ‘मा’ म्हणतात आणि तो रिकामा वेळ आपण चित्रपटात मुद्दाम ठेवतो, असे मियाझाकी यांनी एका मुलाखतीत सांगितले होते. श्वास सोडायला जागा नसेल तर गडबडीलाही अर्थ राहत नाही. पहाटेच्या आनापान साधनेस बसून कंटाळणाऱ्या आम्हां मुलांना शांतता पाहण्याजोगी असते, हे प्रथम तेथे कळले.

युबाबाची जुळी बहीण झेनिबा सर्वांना चहा पाजते आणि मुलांकडून सूत कातून, विणून घेऊन चिहिरोसाठी केसांचा बंद करविते. काओनाशीला तेथे काम मिळते आणि त्याची भूक शमते. परतताना चिहिरोला आठवते की लहानपणी ती एका नदीत पडली होती आणि नदीने तिला काठाशी आणले होते. त्या नदीचे नाव कोहाकू. आता ती बुजवून तिच्यावर इमारती उभ्या आहेत. हाकू म्हणजे तीच नदी. नाव उच्चारताच त्याच्या अंगावरचे खवले गळून पडतात आणि त्यास आपले पूर्ण नाव आठवते. शेवटी युबाबा डुकरांचा कळप पुढे करून विचारते, यांतील तुझे आईवडील कोणते? चिहिरो पाहते आणि म्हणते, यांत ते नाहीत. उत्तर बरोबर असते.

पुढच्या रांगेतून एक टाळी वाजली आणि मग सारे सभागृह वाजू लागले. ती पहिली टाळी कोणाची होती, ते आम्हांस ठाऊक आहे.

सोमवारी आम्ही अधीक्षकांकडे गेलो आणि पेट्यांवर नावे लिहिण्याची परवानगी मागितली. नोंदवहीसाठी क्रमांक लागतील, असे ते म्हणाले. क्रमांक राहू द्या, त्यावर नाव लिहितो, असे आम्ही सांगितले. चित्रकलेच्या सरांनी पांढरा रंग आणि कुंचले दिले. दोन रविवार आम्ही व्हरांड्यात बसून नावे लिहीत होतो. मुले रांगेने येऊन आपले नाव सांगत आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकू नये म्हणून जवळ उभी राहत. सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, गौतम, आनंद अशी ती नावे होती. लिहिताना आमच्यातील एकाने हळूच आपल्या पणजोबांचे नाव सांगितले: कचरू. मग दुसऱ्याने सांगितले, तिसऱ्याने सांगितले. धोंडू, दगडू, भिकू. एके काळी आमच्या घरांत नावे अशी ठेवली जात किंवा ठेवू दिली जात. १९५६ नंतर आमच्या घरांनी लेकरांची नावे स्वतः निवडली. हे आम्ही पुस्तकात वाचलेले होते. हातात कुंचला असताना ते निराळे समजले.

आज आम्ही आपापल्या संसारात आहोत. या चित्रपटाचे आकर्षण ओसरले का, असे आम्ही एकमेकांना विचारले. ओसरले नाही, उलट वाढले, असेच सर्वांचे उत्तर आले. त्यात कोणी राक्षस मारला जात नाही. युबाबाही आपल्या बाळापुढे हळवी होणारी आई आहे. मियाझाकी यांनी तो आपल्या परिचयातील दहा वर्षांच्या मुली डोळ्यांसमोर ठेवून केला. चिहिरो राजकन्या नाही, शूर नाही, विशेष हुशारही नाही. ती घाबरते, पायऱ्यांवरून घसरते, आणि तरी दुसऱ्या दिवशी फरशी पुसायला उभी राहते. असे साधे मूल नायक होऊ शकते, हे आमच्यासारख्यांना कोणीतरी दाखवावयास हवे होते.

याच बोलण्यात आमच्यातील एकाने पूर्वी कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. शहरात नोकरी लागल्यावर आडनाव ऐकून त्यास दोनदा खोली नाकारली गेली. तिसऱ्या ठिकाणी त्याने आडनावच बदलून सांगितले आणि दोन वर्षे तेथे राहिला. घरमालकांशी संबंध चांगले होते, सणाला ताट येत असे. मात्र गावाकडून आई यायची म्हटली की तो काहीतरी कारण काढून टाळीत असे. तो म्हणाला, “माझं नाव कुणी घेतलं नव्हतं. मीच काढून दिलं होतं.” एका रात्री हा चित्रपट पुन्हा पाहताना भाताच्या मुटक्यांच्या प्रसंगी तो उठून बाहेर गेला आणि महिनाअखेर त्याने खोली सोडली. पुढची खोली मिळण्यास वेळ लागला. तेथे दारावर त्याने पूर्ण नाव लिहिले आणि प्रथम आईला बोलावले. आपण शूरपणा केला असे त्यास वाटत नाही. खोटे नाव सांगणाऱ्या कोणासही दोष देऊ नका, एवढे मात्र त्याने आम्हांस बजावले. हाकूनेही चिहिरोला बाहेर सेन म्हणूनच राहण्यास सांगितले होते. प्रश्न खरे नाव मनात शाबूत राहते की नाही, याचाच आहे.

पाचवीतील तो मुलगा पुन्हा पळाला नाही. येथूनच दहावी उत्तीर्ण झाला. त्याचे नाव आम्ही या लेखात लिहिलेले नाही. ते त्याचे आहे आणि लिहावेसे वाटले तर तो स्वतः लिहील. त्याच्याकडून बादल्या भरून घेतल्याबद्दल त्याची क्षमा आम्ही त्याच वर्षी मागितली होती. आज ती सर्वांसमक्ष पुन्हा मागतो.

पालकांना एक विनंती आहे. हा चित्रपट मुलांबरोबर बसून पाहा आणि मधे बोलू नका. सध्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलांनाही एक सांगणे आहे. नव्या वर्षी फाटकातून पेटी घेऊन कोणी लहान मूल आत आले तर त्यास वाट दाखवण्यापूर्वी त्याचे नाव विचारा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच नावाने हाक मारा. जुन्या पेट्यांपैकी काही अजून कोठीत आहेत असे समजते. त्यांवरील पांढरा रंग बहुधा उडाला असेल. कार्यक्रमाला येऊ तेव्हा आम्ही कुंचले घेऊन येऊ.